बिलिंगसाठी प्रोग्रॅम करता येणारा कीबोर्ड: काजूकतलीच्या कळेतून ‘कोरह’ का उमटते?

महालची_पेढी (धागाकर्ता)

नमस्कार. नागपुरात महालात आमचे मिठाई आणि फरसाणाचे दुकान आहे. बिल संगणकावर निघते. आजवर साध्या कीबोर्डवर मालाच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे टाइप करून यादीतून माल निवडण्याची आमची पद्धत होती. एरवी ती चालून जाते, पण तान्हा पोळ्याच्या संध्याकाळी मुलांना वाटायच्या खाऊसाठी काउंटरपुढे गर्दी उसळली की ती चार अक्षरेही जड होतात. टच स्क्रीन आम्ही वर्षभर वापरून पाहिला. तुपाचा हात पुसून पडद्याला लावला तरी ठसा राहतो, ठशावरून बोट घसरते आणि संत्रा बर्फीच्या ऐवजी शेजारच्या चौकटीतली काजूकतली बिलात जाते. साध्या कीबोर्डवर स्टिकर लावण्याचाही प्रयोग झाला. मे महिन्याच्या उन्हाळ्यात त्यांचा गोंद सुटून सगळे स्टिकर एका बाजूला सरकले.

म्हणून या महिन्यात प्रोग्रॅम करता येणारा कीबोर्ड घेतला. त्याला आठ ओळी आणि आठ स्तंभ अशा ६४ कळा आहेत. प्रत्येक कळेवर पारदर्शक टोपी असून ती उचलून खाली कागदाची चिठ्ठी ठेवता येते. कीबोर्ड यूएसबीने जोडतो आणि त्याच्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येक कळेत हवा तो मजकूर भरता येतो. मी स्वतः दोन रात्री बसून प्रत्येक कळेत मालाचा चार अक्षरी कोड आणि त्यामागे एंटर भरले. काजूकतलीच्या कळेत के, ए, जे, यू ही अक्षरे आहेत. नोटपॅड उघडून सगळ्या कळा तपासल्या, सगळ्या बरोबर होत्या.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बिलेही बरोबर निघाली. दुपारी एका ग्राहकाने बिलावर नाव मराठीत मागितले, आमच्या काउंटरवरच्या ताईंनी ते टाइप केले आणि त्यानंतर काजूकतलीची कळ दाबली की पडद्यावर ‘कोरह’ असे उमटू लागले. या नावाचा माल नाही, म्हणून यादी रिकामी. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तेव्हा सगळे पूर्ववत झाले. ज्यांच्याकडून कीबोर्ड घेतला त्यांचे म्हणणे असे की कीबोर्ड सदोष आहे, बदलून घ्यावा. मला ते पटलेले नाही, कारण सदोष वस्तू दर वेळी नेमके ‘कोरह’च कशी लिहील?

याखेरीज दोन अडचणी आहेत. दुसऱ्या काउंटरवर, म्हणजे मुख्य संगणकाशी नेटवर्कने जोडलेल्या संगणकावर, वीस-तीस बिलांमागे एकदा तरी कोडाचे शेवटचे अक्षर गळते. आणि ‘गल्ला उघडा’ या नावाने जी कळ ठेवली आहे, तिच्यात नेमके काय भरावे हे मला समजलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिंगणा_रोड

दादा, कीबोर्ड बदलू नका. तो अगदी बरोबर काम करतो आहे.

यूएसबी कीबोर्ड संगणकाला अक्षरे पाठवतच नाही. तो फक्त कळेचा क्रमांक पाठवतो. यूएसबीच्या प्रमाणित तक्त्यात ‘ए’च्या जागेला ४ हा क्रमांक आहे आणि तिथून पुढे वर्णमालेच्या क्रमाने ते वाढत जातात, त्यामुळे तुमच्या काजूकतलीच्या कळेतून प्रत्यक्षात १४, ४, १३, २४ आणि एंटरचा ४० एवढेच जाते. या क्रमांकाचे अक्षर कोणते करायचे हे त्या क्षणी विंडोजमध्ये जी भाषा निवडलेली असेल ती ठरवते. इंग्रजी निवडलेली असेल तर के, ए, जे, यू. मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाणित कळरचना) निवडलेली असेल तर ‘के’च्या जागी क, ‘ए’च्या जागी ओकाराची मात्रा, ‘जे’च्या जागी र आणि ‘यू’च्या जागी ह. हे चार ओळीने लिहून पाहा: को-र-ह. ताईंनी ग्राहकाचे नाव टाइप करताना भाषा बदलली आणि ती परत इंग्रजीवर आणायची राहिली, एवढेच झाले आहे.

प्रोग्रॅम करता येणाऱ्या कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण ‘काजू’ची अक्षरे टाइप करतो, म्हणून ती अक्षरेच कीबोर्डात साठली असा आपला समज होतो. साठतात ते क्रमांक. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक दुकानात हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे, म्हणून कळांमध्ये अक्षरी कोड भरणे हेच मुळात टाळावे, असे माझे मत आहे.

माझा उपाय असा. कीबोर्डवर आपल्याला एफ १ ते एफ १२ दिसतात, परंतु त्याच तक्त्यात एफ १३ ते एफ २४ अशा आणखी बारा कळा आहेत आणि त्यांचे क्रमांक १०४ ते ११५ आहेत. साध्या कीबोर्डवर त्या नसतात, म्हणून सहसा कोणतेही सॉफ्टवेअर त्या वापरत नाही आणि भाषा बदलली तरी त्यांच्यात फरक पडत नाही. एकेक कळ नुसती, शिफ्टसह, कंट्रोलसह आणि दोन्हींसह अशी वापरली तर बारा चोक अठ्ठेचाळीस वेगळे संकेत मिळतात. संगणकावर ऑटोहॉटकी हा मोफत प्रोग्रॅम टाकून ‘एफ १३ आला की काजूकतलीचा कोड लिही’ असे त्याला सांगायचे. तो अक्षरे थेट खिडकीत लिहितो, मध्ये लेआउट, म्हणजे त्या भाषेची कळरचना, येत नाही. शिवाय बिलिंगची खिडकी पुढे असेल तेव्हाच हे घडावे, अशी अटही त्याला घालता येते.

बर्डी_सर्व्हिस

वरच्या प्रतिसादातील निदान अचूक आहे, उपायाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. मी बिलिंगच्या संगणकांची देखभाल करतो आणि काउंटरवरच्या संगणकावर गरजेपेक्षा एकही प्रोग्रॅम जास्त नसावा, या मताचा आहे. ऑटोहॉटकीची फाइल चालू असेल तोवर सगळे छान चालते. अँटिव्हायरसने ती अडवली, कोणी चुकून बंद केली किंवा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुख्य संगणक बंद पडून दुसरा आणून ठेवावा लागला, तर त्या क्षणी ६४पैकी एकही कळ काम करणार नाही. प्रोग्रॅम करता येणाऱ्या कीबोर्डचा मोठा गुण असा की भरलेले सगळे त्याच्या स्वतःच्या स्मृतीत राहते आणि तो कोणत्याही संगणकाला जोडला तरी तसाच चालतो. हा गुण आपण आपल्या हाताने का घालवावा?

माझा सल्ला असा. मालाला अक्षरी कोडाऐवजी अंकी कोड द्या: काजूकतलीला १०१, संत्रा बर्फीला १०२, याप्रमाणे. हे अंक कीबोर्डात भरताना वरच्या ओळीतले अंक निवडू नका, कारण मराठीचे काही लेआउट त्या ओळीतून देवनागरी अंक देतात आणि बिलिंगला ते चालत नाहीत. उजवीकडच्या अंकपाटीचे अंक निवडा. प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन्ही अंक वेगळे दाखवलेले असतात. अंकपाटीच्या अंकांना एकच अट आहे, ती म्हणजे नमलॉक चालू असले पाहिजे. नाहीतर १चे ‘एंड’ होते आणि ७चे ‘होम’. संगणक सुरू होतानाच नमलॉक चालू व्हावे अशी सोय बहुतेक संगणकांच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, असते, ती एकदा लावून ठेवावी.

याशिवाय विंडोजच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय आहे, तोही चालू करा. दुसऱ्या खिडकीत कोणी मराठी लिहिले तरी बिलिंगची खिडकी इंग्रजीतच राहील. नाव बिलिंगच्या खिडकीतच टाइप होत असेल तर मात्र याचा उपयोग नाही, तिथे अंकी कोडच कामी येतील.

आता गळणाऱ्या अक्षराबद्दल. विंडोज आलेल्या कळा रांगेत ठेवते, त्या सहसा हरवत नाहीत. होते असे की पहिले अक्षर पडताच बिलिंग सॉफ्टवेअर मालाच्या यादीची छोटी खिडकी उघडते, आणि दुसऱ्या काउंटरवर ती यादी नेटवर्कवरून येत असल्याने खिडकी उघडायला किंचित वेळ लागतो. माणसाच्या बोटाला तो वेळ जाणवत नाही. कीबोर्डातला मॅक्रो, म्हणजे एका कळेत भरलेली कळांची साखळी, मात्र पुढची अक्षरे मिलिसेकंदांच्या अंतराने सोडत असतो. मध्येच खिडकी बदलली की एखादे अक्षर मागच्या खिडकीकडे जाते आणि आपल्याला ते गळाल्यासारखे वाटते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कळांच्या मध्ये विलंब घालण्याची सोय असेल. पहिल्या अंकानंतर ५० मिलिसेकंद आणि एंटरच्या आधी ५० मिलिसेकंद ठेवा. तरीही गळले तर १०० करा. दुकानातला बारकोड स्कॅनरही संगणकाला कीबोर्डच भासतो, त्यामुळे स्कॅन केलेला आकडा कधी अर्धवट येत असेल तर त्याचेही कारण बहुधा हेच; त्याच्या सेटिंगच्या पुस्तिकेत अक्षरांमधील विलंबासाठी वेगळे बारकोड छापलेले असतात.

महालची_पेढी

दोघांचेही मनापासून आभार. ‘कोरह’चा उलगडा वाचून मी लगेच दुकानात जाऊन भाषा बदलून पाहिली आणि एकेक कळ दाबली, प्रत्येक मालाचे असे एक मराठी नाव तयार होते. अंकी कोडांचा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण आमच्याकडे दिवाळीत तिसरा काउंटर लावावा लागतो आणि तिथे भाच्याचा लॅपटॉप असतो. गल्ल्याबद्दलही कृपया सांगावे.

बर्डी_सर्व्हिस

गल्ल्याच्या पेटीचा कीबोर्डशी थेट संबंध नसतो. पेटीतून निघणारी वायर पावती छापणाऱ्या प्रिंटरच्या मागे जाते. तिचे टोक टेलिफोनच्या पिनेसारखे दिसते, पण तो टेलिफोन नव्हे. त्यातून पेटीचे कुलूप ओढणाऱ्या कॉइलला सहसा २४ व्होल्टचा झटका दिला जातो. ही पिन चुकूनही टेलिफोन किंवा नेटवर्कच्या सॉकेटमध्ये खुपसू नये.

प्रिंटरला एक ठराविक आज्ञा मिळाली की तो हा झटका देतो. पावती प्रिंटरांमध्ये सर्वाधिक चालणाऱ्या आज्ञासंचात ती २७, ११२, ०, २५, २५० अशा पाच आकड्यांची आहे. शेवटचे दोन आकडे वेळेचे असून त्यांची दुप्पट म्हणजे मिलिसेकंद: ५० मिलिसेकंद झटका आणि ५०० मिलिसेकंद विश्रांती. ही आज्ञा प्रिंटरकडे जाणार, तर तुमचा कीबोर्ड फक्त संगणकाशी बोलतो. म्हणून ती कीबोर्डात भरता येत नाही. तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बिल न करता गल्ला उघडण्याचा शॉर्टकट असेल तर तो त्या कळेत भरा. नसेल तर ती कळ दुसऱ्या कामाला द्या आणि बिल छापले की पेटी आपोआप उघडावी, अशी सोय प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये करून घ्या. माझ्या मते हीच व्यवस्था बरी, कारण बिलाशिवाय उघडणारी पेटी हिशेबाला त्रासदायक ठरते.

एक विनंती मात्र आग्रहाने करतो. सूट देण्यासाठी किंवा बिल रद्द करण्यासाठी मालकाचा पासवर्ड लागत असेल तर तो वेळ वाचवण्यासाठी कोणत्याही कळेत भरू नका. नोटपॅड उघडून ती कळ दाबली की पासवर्ड उघडा पडतो.

गोकुळपेठ_डेअरी

मी दोन वर्षांपासून असाच कीबोर्ड वापरते आहे. त्यात मी केलेली एक चूक इथे सांगते, म्हणजे दादांना ती टाळता येईल.

सुरुवातीला मी प्रत्येक कळेत कोड, एंटर, भाव, एंटर असे सगळेच भरले होते. आमच्याकडे माल मोजका, भाव क्वचित बदलतो आणि एका कळेत पूर्ण ओळ भरली जाते याचे मला फार समाधान वाटत होते. मग २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. तूप आणि लोणी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, पॅकबंद पनीरवरचा ५ टक्के कर पूर्ण उठला, आणि तो दिवस नेमका घटस्थापनेचा होता. आदल्या रात्री मी सॉफ्टवेअरमधले दर आणि भाव बदलून निश्चिंत झाले. सकाळी अखंड दिव्यासाठी तूप घ्यायला रांग लागली, मी कळ दाबली आणि बिलात जुनाच भाव आला, कारण सॉफ्टवेअरने काढलेल्या नव्या भावावर कीबोर्ड स्वतःच्या पोटातला जुना भाव लिहीत होता. पहिल्या काही ग्राहकांचे पैसे मला परत करावे लागले. तेही सगळे ओळखीचे असल्यामुळे परत करता आले.

त्या दिवसापासून माझ्या कळांमध्ये फक्त कोड असतो. भाव, कर, एकक हे सगळे सॉफ्टवेअरच्या मालसूचीत. भाव बदलला तर एका ठिकाणी बदलायचा आणि कीबोर्डला हातही लावायचा नाही. दादा, तुमच्याकडे तर हे आणखी महत्त्वाचे आहे, कारण पॅकबंद फरसाणाचा दरही त्याच दिवशी १२वरून ५ झाला. त्याआधी सुटी शेव आणि पाकिटातली शेव यांच्यावर वेगळा कर होता, हे तुम्हाला ठाऊकच असेल. पुढे पुन्हा असे काही झाले तर दोन्हींचे कोड वेगळे ठेवलेले बरे, म्हणून आज दर एक असला तरी ते एकत्र करू नका.

महालची_पेढी

ताई, हे तुम्ही फार वेळेवर सांगितले. मी तीन कळांमध्ये भाव भरले होते. आज रात्रीच काढतो.

टंकलेखन_शिक्षक

मी टंकलेखन शिकवण्यात उभे आयुष्य घालवले आहे. मला या कीबोर्डच्या आतले काही ठाऊक नाही. पण या चर्चेत कळेच्या आत काय भरावे यावर बरेच लिहिले गेले आणि कळ कुठे असावी यावर अजून कोणी लिहिले नाही, म्हणून हा प्रतिसाद.

आपण मांडणी कशी केली आहे, हे आपण लिहिलेले नाही. माझा अंदाज असा की मालसूचीच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे, वरून खाली अशी ती असेल. नवीन यंत्र हाती आले की बहुतेकांकडून हेच होते. कागदावर ती व्यवस्थित दिसते, परंतु हाताला ती सोयीची नसते. बोट कळ शोधत नाही, बोट जागा लक्षात ठेवते, आणि जागा लक्षात राहण्यासाठी हाताला एक घर लागते, जिथून तो निघतो आणि जिथे परत येतो. म्हणून आधी हे ठरवावे की काउंटरवरच्या ताईंचा कोणता हात मोकळा असतो. मिठाई तोलून देणारी व्यक्ती वेगळी आणि बिल करणारी वेगळी असेल तर दोन्ही हात मिळतील. ताईच पैसे घेत असतील तर उजवा हात गल्ल्याकडे जाईल आणि कीबोर्ड डाव्या हाताला येईल. हे पाहिल्यावाचून एकही चिठ्ठी कापू नये.

मग सर्वांत जास्त खपणारे आठ-दहा जिन्नस हाताच्या घराभोवती, म्हणजे मधल्या दोन ओळींत ठेवावेत. नावाने सारखे वाटणारे जिन्नस शेजारी ठेवू नयेत. काजूकतली आणि काजू रोल शेजारी असले की घाईत डोळा फक्त ‘काजू’ एवढेच वाचतो. मिठाई एका बाजूला, फरसाण दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एक स्तंभ पूर्ण रिकामा सोडावा. ६४ कळा आहेत म्हणून चौसष्टही भरल्या पाहिजेत असे नाही. रिकामी कळ बोटाला आपण कुठे आहोत हे सांगते, ती वाया जात नाही. ‘बिल पूर्ण’ आणि ‘ओळ रद्द’ या कळा एकमेकींपासून जितक्या दूर ठेवता येतील तितक्या ठेवाव्यात, आणि शक्य असल्यास ‘बिल पूर्ण’साठी दुप्पट रुंदीची टोपी वापरावी.

चिठ्ठ्यांवर एक किंवा दोनच शब्द असावेत, ठळक आणि मराठीत. ग्राहक जो शब्द उच्चारतो तोच चिठ्ठीवर असावा. आपल्याकडे लोक ‘सांबारवडी’ मागतात, मग तिच्यावर ‘कोथिंबीर वडी’ लिहून ताईंना मनातल्या मनात भाषांतर करायला का लावावे?

आणि शेवटची विनंती अशी की ही मांडणी आपण करू नये. कागदावर ६४ चौकोन आखून ते ताईंपुढे ठेवावेत आणि त्यांच्याकडूनच भरून घ्यावेत.

हिंगणा_रोड

सरांचा प्रतिसाद वाचून मी माझ्या टेबलावरच्या कीबोर्डकडे नव्याने पाहिले.

बर्डी_सर्व्हिस यांचा मुद्दा मला मान्य आहे, दुकानासाठी अंकी कोडच योग्य. एक भर घालतो. सगळी जुळवणी झाली की प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमधून पूर्ण मांडणीची फाइल जतन करा आणि ती दुकानाबाहेरही एका ठिकाणी ठेवा. कीबोर्डात पाक सांडला आणि तो कायमचा गेला, तर नव्या कीबोर्डात ती फाइल भरायला काही मिनिटे लागतील. फाइल नसेल तर पुन्हा दोन रात्री.

चिठ्ठ्या लेझर प्रिंटरवर छापा. इंकजेटची शाई ओलसर हाताने पसरते.

सदर_औषधी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मला असाच कीबोर्ड घ्यायचा आहे. कार्ड स्वाइप करण्याची खाच आणि किल्लीचे कुलूप असलेले मॉडेल बरेच महाग सांगत आहेत. ते घ्यावे का?

बर्डी_सर्व्हिस

स्वाइपची खाच चुंबकीय पट्टी वाचते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार नुसत्या चुंबकीय पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत होती, आणि दुकानातले कार्डाचे पैसे बँकेच्या वेगळ्या यंत्रावरच घेतले जातात. स्वतःचे सभासद कार्ड काढणार नसाल तर त्या खाचेचे पैसे देऊ नका. कुलपाचा उपयोग तुमच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. किल्ली फिरवली की कीबोर्ड एक ठराविक संकेत पाठवतो, तो ओळखण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर कुलूप निव्वळ शोभेचे ठरते. घेण्याआधी सॉफ्टवेअरवाल्यांना विचारून घ्या.

सदर_औषधी

आणि घरी तयार करता येतो का? मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो करता येईल.

हिंगणा_रोड

नक्की करता येईल. रास्पबेरी पाय पिकोसारखा छोटा बोर्ड, कळांचे स्विच आणि प्रत्येक स्विचमागे १एन४१४८ क्रमांकाचा एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग), एवढ्यावर काम होते. आठ ओळी आणि आठ स्तंभ केले की ६४ कळांना बोर्डाच्या फक्त १६ पिना लागतात. डायोड मात्र वगळू देऊ नका: ते नसले तर आयताच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या गेल्यावर चौथ्या कोपऱ्यावरची न दाबलेली कळही दाबल्यासारखी दिसते, आणि औषधाच्या बिलात न मागितलेले औषध येणे बरे नव्हे. आत क्यूएमके हे मोफत फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम, टाकायचे आणि व्हाया हा पर्याय त्यात चालू केला की पुढे कळा बदलणे माऊसने होते, तेही कीबोर्डाच्याच स्मृतीत साठते. काउंटरवर रोज वापरण्याआधी त्याने तो महिनाभर घरी चालवून पाहावा.

महालची_पेढी

दोन आठवड्यांनी लिहितो आहे. जे केले ते सविस्तर सांगतो, कारण आपण सर्वांनी एवढा वेळ दिला आहे.

सर्व मालाला तीन अंकी कोड दिले आणि ते अंकपाटीच्या अंकांनी भरले. पहिल्या अंकानंतर आणि एंटरच्या आधी ५० मिलिसेकंद ठेवले. पहिल्या काउंटरवर ते पुरले, दुसऱ्यावर एकदा अंक गळला, म्हणून तिथे १०० केले. त्यानंतर आजपर्यंत एकही गळलेला नाही. मग भाषा मराठी ठेवून, कॅप्सलॉक चालू ठेवून, दोन्ही मिळून, अशी प्रत्येक कळ नोटपॅडमध्ये तपासली. अंक तेच राहिले. नमलॉक बायोसमधून कायमचे चालू केले. गल्ल्याची कळ काढून टाकली, आता पावती छापली की पेटी उघडते.

पाव, अर्धा आणि एक किलो अशा तीन कळा ठेवल्या होत्या. त्यांपैकी दोन काढल्या. सुटी मिठाई तोलूनच द्यायची असते, आणि कळ दाबली की काट्याकडे न पाहता ०.२५० लिहिले जाते, हे मला ताईंनी दाखवून दिले. आता एकच कळ आहे, ती आधीच भरून, खोक्याचे वजन वजा करून ठेवलेल्या अर्ध्या किलोच्या डब्यांसाठी. सुट्या मालाचे वजन काट्यावरून वाचून ताई अंकपाटीवर लिहितात. काटा संगणकाला थेट जोडायचा विचार आहे, पण ते पुढचे काम.

मांडणीबद्दल सरांचा अंदाज तंतोतंत खरा होता, माझी मांडणी मालसूचीच्याच क्रमाने होती. सरांनी सांगितल्याप्रमाणे चौकोन आखून ताईंना दिले. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतले आणि परत दिले तेव्हा संत्रा बर्फी माझ्या कल्पनेप्रमाणे मध्यभागी नव्हती. ती बाहेरगावचे लोक नेतात, घाई करत नाहीत, म्हणून तिला त्यांनी वरच्या ओळीत पाठवले होते. मध्यभागी पेढा, शेव, पाटवडी आणि बुंदीचे लाडू. महालातले लोक रोज जे नेतात ते. ताई डावखुऱ्या आहेत हेही मला त्या कागदामुळे लक्षात आले. सात वर्षे त्या आमच्याकडे आहेत. कीबोर्ड आता काउंटरच्या डाव्या बाजूला आहे आणि त्यासाठी वायर काउंटरच्या खालून प्लास्टिकच्या पट्टीतून नेली, म्हणजे पाय लागून ती ओढली जाणार नाही. ६४पैकी ४१ कळा भरल्या आहेत. मांडणीची फाइल माझ्या घरच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवली आहे, कोडांची छापील यादी गल्ल्यात आहे.

टंकलेखन_शिक्षक

आपण ताईंचे ऐकलेत, याचा फार आनंद झाला. एक विचारायचे राहिले होते. टंकलेखनाच्या पाटीवर एफ आणि जे या कळांना बारीक उंचवटा असतो, त्यामुळे न पाहता हात जागेवर येतो. आपल्या पारदर्शक टोप्या सगळ्या सारख्याच गुळगुळीत असतील. पेढ्याच्या कळेवर तसा काही उंचवटा करता आला तर पाहावे.

महालची_पेढी

सर, ते ताईंनी आधीच केले आहे. पहिल्या दिवशी त्यांनी पेढ्याच्या कळेवर स्वतःची टिकली चिकटवली होती. दुपारच्या उकाड्यात ती निघाली. आता त्या जागी नेलपॉलिशचे दोन थेंब एकावर एक वाळवले आहेत. काल रात्री दुकान बंद करताना मी डोळे मिटून हात ठेवून पाहिला, माझेही बोट बरोबर पेढ्यावर आले.